सातवं कलम

तिचं नाव इथं येणार नाही.
जकार्डच्या पुठ्ठ्यावर भोक असतं, तसं समजा.
नाव काढलंय, जागा ठेवलीय.
भोक असतं म्हणूनच सुई आत शिरते
आणि एक धागा उचलला जातो.

आमचं सॉफ्टवेअर फुकट. कुणा एकाचं नाही.
चादरीची नक्षी संगणकावर काढायची,
आलेखाच्या कागदावर डोळे फोडत चौकोन भरायचे नाहीत.
साखर पेठेत टॉवेलच्या गोदामावर सुरू केलं,
आता मालेगाव, भिवंडी, कुठकुठली माणसं
न बघितलेल्या माणसांच्या चुका दुरुस्त करतात.
दुरुस्ती घ्यायची की नाही, ते अंबादास ठरवायचा.
अंबादास गुर्रम. दोन तृतीयांश ओळी त्याच्या.
लूप म्हणजे काय हे मला त्यानंच शिकवलं,
चालत्या मागावरच्या धोट्याकडं बोट करून:
"बघ, जाऊ लालाय, येऊ लालाय. संपलं की बे."

एप्रिलात तक्रार आली. लाईट नव्हती,
फोनच्या उजेडात मी अकरा चित्रं बघितली.
तिच्या दुरुस्त्या कारण न देता परत.
मग रात्री पावणेबाराला:
"घेतो की. आधी फोटो पाठव."
मग सगळ्यांसमोर:
"पोरींनी नक्ष्या काढाव्यात, कोडला हात लावू नये."
खाली चौदा जणांचे अंगठे.
एक माझा होता का, हे मी दोनदा तपासलं.
नव्हता. मी त्या दिवशी गावाला होतो, एवढंच.

नियमावली होती आमच्याकडं,
दुसऱ्या कुठल्या प्रकल्पाची जशीच्या तशी उचललेली.
तक्रारीचा पत्ताही त्यांचाच राहून गेलेला.
तिनं आधी तिथं लिहिलं होतं.
पत्र परत आलं होतं.

समितीत आम्ही तिघं. पेंटप्पा पहिल्याच मिनिटाला उठला.
"मेहुणा लागतो माझा. मी नको यात."
चप्पल घालून गेला, आणि मला त्याचा हेवा वाटला.
उरलो मी आणि बिल्किस बागवान.
विजापूर वेशीतल्या तिच्या वरच्या खोलीत
अंबादास आला, नेहमीसारखी शेंगाचटणीची पुडी घेऊन.
बिल्किस म्हणाली, "दाराशी ठेवा. जाताना न्या."
तो हसला. मग हसणं थांबलं.
"मस्करी होती," म्हणाला.
मग: "ती स्वतः काय म्हणाली ते वाचलं का?"
वाचलं होतं. प्रत्येक ओळ.
मग जरा हळू: "माझ्याशिवाय चालंल का हे?"
शेजारच्या घरातला माग खडखडत होता.
आम्ही दोघंही बोललो नाही, कारण माहीत नव्हतं.

एक वर्ष. किल्ल्या काढून घेतल्या.
तिला आधी कळवलं, मग त्याला,
मग सगळ्यांना, काय घडलं ते न सांगता.
फोन आले. "एका पोरीपायी?"
दिवाळीच्या ऑर्डरी तोंडावर असताना
काठातल्या मोराची मान अकरा दिवस उलटी येत होती,
कुणाला सुधारता येईना.
कारखानदारांनी दिलेल्या शिव्या तेलुगूत होत्या,
तरी सगळ्या समजल्या.

ती परत आली नाही.
एकदाच विचारलं तिनं: ती फाईल कोणकोण उघडू शकतं?
दोघं, मी लिहिलं.
"बरं."

अहवाल सहा कलमांचा झाला होता.
जुनी पत्रं चाळताना दोन वर्षांपूर्वीचं एक सापडलं,
इचलकरंजीच्या कुणा दुसरीचं.
"अंबादाससर रात्री फोन करतात. काय करू?"
खाली माझं उत्तर:
"स्वभावच तसा आहे त्याचा, मनावर घेऊ नका."
पुढं एक हसरा चेहरा.

बिल्किसनं वाचलं. चष्मा काढून ओढणीनं पुसला.
पुसतच राहिली.

सातवं कलम मी लिहिलं.
त्यात भोक नाही, माझं पूर्ण नाव आहे,
आडनावासकट, आणि समितीतून बाजूला होण्याची तारीख.
इचलकरंजीला पत्र पाठवलं.
पत्ता आता लागत नाही.
तीन वेळा परत आलं.